जुन्या गाडीचा नवा पट्टा

मुलुंड पूर्व,
सोमवार

चि. चंदू यास,

शुभाताईचे आशीर्वाद, आणि ते या खेपेला जरा सढळ हाताने (राखून ठेवण्यात आता अर्थ नाही). तुझा गुडघा कसा आहे? मार्व्याच्या बोटीत चढताना अजून कुणाचा तरी खांदा धरतोस की काठी घेतलीस? घेतली नसशील तर घे, लाज कसली, पन्नाशीत केस काळे करताना नाही वाटली ती. मनोरीला राहायला गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस, उचललास तर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. इकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे, पण तसं लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, तेव्हा वाईट ते आधीच सांगून टाकते. माझं स्वादुपिंड गेलं. म्हणजे जागेवर आहे, पण कामातून गेलं. इतकी वर्षं मला असं काही आहे हेही माहीत नव्हतं, आणि आता घरात दुसरा विषय नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केमो घेतली तर वर्षभर, जमलं तर थोडं वर. रडू नकोस. माझं रडून झालंय, तेवढं दोघांना पुरे. आता मुद्द्याचं, म्हणजे गाडीचं लिहिते.

तुझ्या भाऊजींची पांढरी गाडी तुला माहीतच आहे. पंधरा वर्षांपूर्वी घेतली, आणि घेतल्या दिवसापासून चालवली कमी, झाकली जास्त. आधी प्लास्टिकचं कव्हर, त्यावर कापडाचं, पावसाळ्यात वर आणखी ताडपत्री. दर रविवारी सगळं काढून दहा मिनिटं सुरू करायची, पुसायची आणि परत गुंडाळायची. दसऱ्याला हार घालून हायवेपर्यंत आणि परत. बाकी जन्मभर आम्ही रिक्षाने, कारण गाडी अडीअडचणीसाठी ठेवलेली. अस्मिताच्या लग्नात ती कव्हरं निघेपर्यंत सगळे ताटकळले, तेव्हा तू व्याह्यांसमोर म्हणालास की मुलीबरोबर हिलाही सासरी धाडून द्या, आणि तेव्हापासून हे तुझ्याशी बोलत नाहीत. (बोललास ते बरोबरच होतं. पण व्याह्यांसमोर बोलायचं नव्हतंस.) तर ती अडीअडचण एकदाची आली. पंधरा वर्षं जिची वाट पाहिली ती मीच निघाले.

आता दर गुरुवारी परळला हॉस्पिटलात जायचं असतं. मी डाव्या सीटवर, पोटाशी उशी, हातात उलटीची पिशवी आणि गळ्यात आरशाची जबाबदारी. आरशाचं तुला आठवत असेल. गाडी नवी असताना मुलुंड स्टेशनापाशी एका रिक्षाने डावीकडचा आरसा उडवला. नवा बसवला तर तोही उडवतील, असं म्हणून यांनी ती बाजू तशीच बोडकी ठेवली, आणि आरशाचं काम माझ्याकडे आलं. डावीकडे जायचं झालं की हे तोंडाने विचारत नाहीत, नुसती हनुवटी वर करतात. मग मी वळून मागे बघते आणि सांगते, डावीकडे मोकळं. किंवा, थांबा, रिक्षा. आमच्या संसारात बिनभांडणाचं चाललेलं बोलणं एवढंच.

दुसऱ्याच गुरुवारी विक्रोळीपाशी गाडीतून चीं चीं आवाज यायला लागला. मला वाटलं माझ्याच पोटातून येतोय. यांनी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या गळ्यात टाय बांधलेल्या माणसाने सांगितलं, आवाज बाहेरच्या पट्ट्याचा आहे, तो किरकोळ. पण आतला टायमिंग बेल्ट कधी बदललाय? (मीसुद्धा ॲसिडिटीचं औषध आणायला गेले होते ना, तसंच.) हा टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या आतला रबरी पट्टा. खालचं आणि वरचं यंत्र एका तालात ठेवतो. चालत्या गाडीत तुटला तर दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि इंजिन बाद. हे म्हणाले, अहो, चारच हजार किलोमीटर तर झालेत, पट्टा लाखाचा असतो. टायवाला म्हणाला, लाख किलोमीटर किंवा ठरलेली वर्षं, जे आधी होईल ते. तुमची वर्षं केव्हाच उलटली. रबर चालून झिजतं तसं नुसतं उभं राहूनही वाळतं. हे ऐकून यांचा चेहरा कसा झाला काय सांगू. माझा रिपोर्ट ऐकला तेव्हाही असाच झाला होता. पंधरा वर्षं जीव लावून जपलेली गाडी जपल्यामुळेच बिघडली, हे माणसाने पचवायचं कसं?

पण हे एका माणसाचं ऐकणार होय? माझ्या पोटासाठी जसे तीन डॉक्टरांचे उंबरे झिजवले, तसे पट्ट्यासाठी गॅरेजचे. भांडुपच्या सरदारजींनी सांगितलं, आजच बदला. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एकाने सांगितलं, आणखी दहा हजार आरामात जाईल. आमच्या सोसायटीतल्या नानांनी पट्ट्याला टाल्कम पावडर लावायला सांगितली (नानांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही). आणि गंमत बघ, पट्टा तुटेल का हे विचारायला हे सगळीकडे त्याच पट्ट्यावर हिंडत होते. त्याला ताण नको म्हणून हायवेवर तीसच्या वर जायचं नाही, एसी लावायचा नाही. मागून ट्रकवाले आईबहिणीची आठवण काढतायत, मी उन्हात पिशवी धरून बसलेय, आणि हे कान देऊन इंजिन ऐकतायत. शेवटी आमच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्या गुणाजीला यांनी विचारलं, समजा, काहीच न करता अशीच चालवली तर? गुणाजी म्हणाला, चालेल की, पण कुठे थांबेल सांगता येणार नाही. चंदू, हाच प्रश्न यांनी आदल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना माझ्याबद्दल विचारला होता, अगदी ह्याच शब्दांत, आणि उत्तरही साधारण हेच मिळालं होतं. फरक इतकाच की गुणाजीने चहा पाजला.

मग एका रात्री जेवताना मी म्हटलं, कशाला त्या पट्ट्याच्या मागे लागलाय? गुरुवारच्या खेपा संपेपर्यंत चालला म्हणजे झालं. नवा पट्टा वर्षानुवर्षं टिकणार, एवढी वर्षं आपल्याला जायचंय कुठे? माझ्यापुरता हा जुनाच पुरेल. मी हिशेबाचं बोलले होते, खरंच. आजवर हेच मला असलं शिकवत आले. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारा माणूस, मला वाटलं, खूश होईल. तर हे ताटावरून उठले. हात धुतला आणि मोरीतून म्हणाले, "माझ्यापुरता म्हणजे काय गं?" उत्तराला थांबले नाहीत. सकाळी दूध यायच्या आत गाडी घेऊन गेले आणि गुणाजीच्या शटरसमोर जाऊन उभे राहिले. पट्टा बदलला, पुलीबिली बदलल्या, पाण्याचा पंप बदलला, सांगितलं नव्हतं तेही बदलून घेतलं. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं की मी दिवसभर त्यांच्यावर खेकसत होते.

जुना पट्टा अर्थातच मागून आणला (खरंच बदलला की नाही याचा पुरावा म्हणून). गॅलरीत खिळ्याला लटकवलाय. कुठे चीर नाही, की धागा सुटलेला नाही. हे रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, बघ, काही झालं नव्हतं याला. पट्टा टाकू या म्हटलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

आता गेल्या गुरुवारचं ऐक. सुई लावून परत येताना मला झोप लागली. जाग आली तर बाहेर तीन हात नाका. म्हणजे ठाणे. मुलुंड केव्हाच मागे पडलं होतं. मुलुंडचं वळण डावीकडे. यांनी बहुतेक हनुवटी वर केली असेल, मी झोपेत, त्यामुळे कुणी काही सांगितलं नाही, आणि हे उजव्या लेनमधून सरळ जात राहिले. कांजूरपासून एकदाही डावीकडे सरकले नाहीत. मी म्हटलं, अहो, उठवायचं ना मला. तर म्हणाले, "झोपली होतीस. आणि आता पट्टा नवा आहे, कितीही लांब जाता येतं." मग उजवीकडे वळत वळत, अख्खं ठाणे पालथं घालून घरी आलो. मी डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते. डावीकडे मोकळं होतं, तेही मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, बघू तरी, माझ्याशिवाय कसं काय करतात. नाही करत रे.

असो. अस्मिता बंगळूरहून रोज व्हिडिओवर येते आणि मला हळद-दूध घ्यायला सांगते. माझं चाललंय. तुझा गुडघा सांभाळ.

तुझी,
शुभाताई

ता. क. – सुकट पाठवू नकोस. वास सहन होत नाही. यांच्यासाठी थोडी पाठव, पण चार पिशव्यांत बांधून.

ता. क. २ – पत्र खरं तर यासाठी लिहिलं. पट्टा आता बरीच वर्षं जाणार, माझ्या हिशेबाबाहेरची. रविवारी कव्हर काढून, एकटेच गाडीत बसून, सोसायटीच्या फाटकापाशी डावीकडे वळता येत नाही म्हणून परत फिरणारे तुझे भाऊजी मला आत्ताच दिसतायत. तेव्हा तू ये. पुढच्या गुरुवारी मी मागच्या सीटवर आडवी होईन, तू माझ्या जागी बस. तुला गाडी चालवता येत नाही हे फार उत्तम, नाहीतर शिकवायला लागशील. माफीबिफी मागू नकोस, त्यांना ते झेपणार नाही. हनुवटी वर झाली की मागे बघायचं आणि म्हणायचं, डावीकडे मोकळं. जरा मोठ्याने म्हण, त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. मी असेपर्यंत सवय होऊ दे दोघांना. पुढेही येत जा.

ता. क. ३ – तू शहाणा आहेस, म्हणशील, ताई, एवढ्यासाठी मी खाडी ओलांडून कशाला येऊ, आरसा बसवून घ्या. गुणाजीकडे आरसा तयार आहे, चार स्क्रूचं काम. मीच त्याला सांगून ठेवलंय, हे कितीही मागे लागले तरी नाही म्हणायचं. तूही बसवू देऊ नकोस.