टोपण घातलेली सुई

श्रीयुत शालकबुवा यांस,

तुमच्या थोरल्या मेव्हण्याचा मनापासून नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे या वयात जेवढं ठीक असायची परवानगी असते तेवढे. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असेल तर उजव्याचं कळवा. मागच्या पत्रात वर डावा होता आणि खाली उजवा. दोन्ही एकदम दुखण्याइतकं तुमचं वय झालेलं नाही.) जिना उतरताना कठडा धरत जा. कठडा हलत असेल तर भिंत धरा. ओल्या डोक्याने पंख्याखाली झोपू नका. माझा खोकला आहे तसाच आहे, पण मी फक्त घरात खोकतो, दार लावून. बाहेर खोकायची मला मनाई आहे. असं का, ते सांगण्यासाठीच लिहायला बसलोय. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, इकडंतिकडं गेलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीच्या टोकाचा दवाखाना तुम्हाला आठवत असेल. दोन खोल्या, एक बाक आणि एक सिस्टर. छातीची ही साथ आली तेव्हा सिस्टर एकटीच लस टोचायची. बाकावर मावतील तेवढी माणसं बसवायची, उरलेल्यांना सांगायची, उद्या या. सुई बघून कोण आडवा होतो, कुणाचं पोर चावतं, कोणाला बोलण्यात गुंतवलं की टोचलेलं कळतच नाही, सगळं तिला पाठ. मी मात्र रोज जाऊन चौकशी करायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. जन्मभर सुयांशी संसार केलेला शिंपी सुईला भितो म्हणून तुमची भगिनी हसते. पण सुई आपण धरणं वेगळं आणि सुईने आपल्याला धरणं वेगळं. तुमची भगिनीही लस घेत नव्हती. म्हणायची, मी आधी घेतली तर तुम्ही कधीच घेणार नाही. तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक साहेब पाहणीला आला. सुरळीत चाललेलं पाहून त्याला राहवेना. म्हणाला, हेच आता दहापटीने करायचं. झाली मोहीम सुरू! दहापट मांडव, दहापट खुर्च्या, दहापट भोंगे. सिस्टर मात्र एकच, तिची दहापट कशी करणार? म्हणून तिचं टोचणं बंद करून तिला दहा नवशिक्यांना शिकवायला बसवलं. म्हणजे जिला टोचता येत होतं ती टोचेना आणि जे टोचत होते त्यांना येईना. मग मोठा फ्रीज आला. तो दारातून जाईना म्हणून दार काढलं, मग चौकट काढली, शेवटी थोडी भिंतही काढली. आत गेल्यावर कळलं की तो सुरू केला की सगळ्या गल्लीचे दिवे जातात. आता त्यात पोस्टरांचे गठ्ठे ठेवलेत, आणि लस बिचारी सिस्टरच्या जुन्या छोट्या फ्रीजमध्येच आहे. (दार अजून बसवलेलं नाही. त्यामुळे दवाखाना चोवीस तास उघडा असतो, असं साहेबाने वर कळवलं म्हणे.)

उद्घाटनाच्या दिवशी सगळं होतं. मांडव होता, भोंगा होता, फीत होती, फोटोवाला होता. फक्त दोन गोष्टी नव्हत्या, कात्री आणि लस. लसीची गाडी कुठेतरी अडकली होती. कात्रीसाठी माणूस माझ्याकडे धावत आला. कापडाची कात्री मी सख्ख्या भावालाही देत नाही, म्हणून मी स्वतःच घेऊन गेलो. साहेबाने फीत कापली, मग त्याच कात्रीने कुणीतरी पुठ्ठा कापला, मग तारही कापली. (कात्री गेली. आता ती फक्त भांडणात दाखवायच्या कामाची.) मी कात्रीच्या मागे मागे फिरत होतो. फोटोवाल्याने मला पाहिलं आणि ओरडला, हाच चेहरा पाहिजे! पोस्टरं संध्याकाळीच छापायला जायची होती, ती लसीसाठी थांबणार नव्हती. मला खुर्चीत बसवलं. माझ्या सदऱ्याची बाही वर जाईना, कारण ती मी शिवलेली आहे, मनगटाला घट्ट. मग माझ्याच हाताने शिवण उसवली. सिस्टरने रिकामी सिरिंज हातात घेतली, सुईला टोपण तसंच, आणि टोपण बोटाआड लपवून माझ्या दंडाला टेकवली. फोटोवाला म्हणाला, हसा. मला हसू येईना. तो म्हणाला, काहीतरी चांगलं आठवा. सुईला टोपण आहे एवढंच मी आठवलं, आणि शालकबुवा, असा हसलो की लग्नाच्या फोटोतही तसा हसलेलो नाही. सिस्टर हळूच म्हणाली, ‘काका, परवा गाडी येईल, तुम्हाला पहिली देते.’

तिसऱ्या दिवशी गाडी आली, पण त्याच्या आधी पोस्टरं आली. बसथांब्यावर मी, भाजी बाजारात मी, मुतारीच्या भिंतीवरही मी. दंड पुढे करून हसतोय आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘मी घेतली. तुम्ही?’ (उसवलेली बाही सगळ्या शहराला दिसते. या शिंप्याकडे आता कोण कपडे टाकणार?) मी आपला शब्दाप्रमाणे रांगेत जाऊन उभा राहिलो. पुढचा इस्त्रीवाला वळला, माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘अरे, पोस्टरकाका परत आले! पहिली लागली नाही वाटतं!’ बस्स. टोकाला आग लागली की चिंधी जशी सरसर जळत येते तशी ती बातमी रांगेतून गेली. मागून कुणी म्हणालं, दर आठवड्याला घ्यावी लागते. त्यामागचा म्हणाला, बघ कसा खंगलाय. मी वळून पाहिलं तेव्हा रांगच नव्हती. एक बाई तर तोंड झाकून अशी पळाली की एक चप्पल जागीच राहिली. (चपलेवरून आठवलं, त्याच सुमारास तुमच्या भगिनीचीही एक चप्पल कुत्र्याने नेली. या गल्लीत कुत्री फार झालीत.)

साहेबाने मला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा दिला आणि मग सांगितलं की काका, तुम्ही आता रांगेच्या आसपास दिसायचं नाही. मी म्हटलं, पण मला लस? तो म्हणाला, तुम्हाला कशाला, तुमचं तर पोस्टर लागलंय! आणि त्याला ते खरंच वाटत होतं हो. तिथे किती दंडांना टोचलं याची बैठक होत नाही, किती भिंतींना चिकटवलं याची होते. चारचौघांत खोकायचं नाही हेही त्यानेच बजावलं. सिस्टरने मला बाहेर गाठलं. रडवेली झाली होती. म्हणाली, टोपणाचं बाहेर फुटलं तर साहेब हात झटकेल आणि माझी नोकरी जाईल, आणि लोक पुन्हा फिरकणार नाहीत ते वेगळंच. मी शब्द दिला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं माझं. तेव्हापासून लोक वाटेत थांबवून माझा दंड दाबून बघतात. कुणाला ताप आला की जाब मला. न्हाव्याच्या सासूचं पित्त वाढलं, तेही माझ्यामुळे. इस्त्रीवाला रोज सकाळी दारावरून विचारून जातो, ‘काय काका, आहात ना?’

तरी मी एकदा प्रयत्न केला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर गेलो. कानटोपी, काळा चष्मा, गळ्याभोवती मफलर. (मिशी काढणार होतो. पण मिशी नसलेला मी गल्लीत दिसलो असतो तर लसीने मिशी गळते, अशी आवई उठली असती.) खुर्चीपर्यंत पोचलो देखील. समोर नवशिकी पोरगी, तिच्या मागे भिंतीवर मी. तिने दंड उघडा करायला सांगितलं, आणि घात झाला. घाईत तोच सदरा घातलेला! उसवलेल्या जागी मी बटणं लावली होती, पण शिंप्याची बाही ती, लपते कुठे? पोरगी ओरडली, ‘अय्या, पोस्टरकाका! आपल्याकडे!’ सगळे धावत आले. फुलं दिली, फोटो काढले, आणि खुर्चीवरून उठवून मला खुर्चीशेजारी उभं केलं, लोकांना धीर द्यायला. उभा राहिलो. दुपारभर एकेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होतो, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं. (मुंगी कशी चावते तेवढंच मला माहीत.) लोक माझ्याकडे बघून निर्धास्त बसत होते आणि टोचून घेत होते. संध्याकाळी लस संपली, टाळ्या झाल्या, आणि त्या मांडवातून लस न घेता बाहेर पडलेला माणूस मी एकटा.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण गेल्या महिन्यात मुलाला मुलगी झाली. सूनबाईने पहिल्या दिवशीच नियम केला की लस घेतलेल्यानेच बाळाला हात लावायचा. साथ लहान जिवाला सोडत नाही, तिचं बरोबरच आहे. दारातच तिने तुमच्या भगिनीला विचारलं, आई, तुमची झाली ना? तर ती म्हणाली, झाली. (कधी घेतली, दुखली का, मला एका शब्दाने सांगितलं नाही. फार आतल्या गाठीची आहे.) मला तर विचारलंच नाही. बाळ सरळ पुढे केलं आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला काय विचारायचं, तुम्ही तर भिंतीभिंतीवर आहात.’ आणि मी दोन पावलं मागे सरलो. म्हटलं, हाताला मशीनचं तेल आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पाठीत लचक आहे. तिसऱ्या दिवशी कारण सापडेना तर दुकानातच बसून राहिलो. तुमच्या भगिनीने बाळाला घ्यावं म्हटलं तर तिचा नेमका हात भाजलाय. फडकं गुंडाळलेलं आहे, महिना झाला तरी बरा होत नाही. (डॉक्टरला दाखव म्हटलं तर अंगावर येते.) आता घरात सगळ्यांचं म्हणणं पडलंय की मुलगी झाली म्हणून म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालंय. मुलगा माझ्याशी मोजकंच बोलतो. परवा सूनबाई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. तुमची भगिनी मला म्हणाली, ‘दगड आहात, दगड.’ मी काय सांगू? मी खरं सांगितलं तर ती शेजारणीला सांगणार, आणि शेजारीण म्हणजे बिनविजेचा भोंगा. मी आपला कपाटातलं सगळ्यात मऊ कापड काढून झबली शिवतो आणि घडी करून खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून येतो. आतून हुंकार ऐकू येतो. मूठ केवढी आहे ते अजून लांबूनच पाहिलंय. मापाशिवाय शिवलेली झबली आहेत, शालकबुवा, पण सूनबाई म्हणते, अगदी बरोबर बसतात.

असो. फार लांबलं. तुमच्या गुडघ्याला शेक देत जा. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
भिंतीवरचा मेव्हणा

ता. क. पत्राला कारण काही नव्हतं, सहज लिहिलं. तरी आता लिहिलंच आहे तर विचारतो, तुमच्या गावी अजून पोस्टरं लागली नसतील तर मी चार दिवस येऊ का? लसही तिकडेच घेईन. साहेब म्हणतो की मोहीम लवकरच तुमच्याकडेही वाढवायची आहे, म्हणजे मी भिंतीवर पोचायच्या आत मला खुर्चीत बसवायला हवं. तुम्ही शेजारी बसा. हात धरावा लागेल, कुणाचा कुणी धरायचा ते तिथे ठरवू. इथे मी सांगणार की तुमचा गुडघा बघायला निघालोय.

ता. क. दुसरा. तुमच्या भगिनीला यातलं अक्षर कळता कामा नये. तिला वाटतं तिचा नवरा एकदा तरी कशात पहिला आला. तेवढं राहू द्या.

भाऊ, हे पोस्टाचं तिकीट आणायला गेलेत, पत्र मशीनवर उघडं टाकून. मी वाचलं. चप्पल कुत्र्याने नेली नव्हती. त्या दिवशी मी यांच्या मागे पाचवी होते. एकदा घेतलेला माणूस पुन्हा उभा बघून मला वाटलं, काहीतरी बिघडलंय आणि घरी लपवतात, आणि पाय आपोआप पळाले. आता गल्लीत मी पोस्टरकाकू, रांगेत कुठल्या तोंडाने उभी राहू? सूनबाईने दारात विचारलं तेव्हा शेजारीण उभी होती, तोंडातून ‘झाली’ निघून गेलं. हात भाजलेला नाही. फडकं रोज धुऊन पुन्हा गुंडाळते. तेव्हा अंथरुणं दोन घाल. खुर्चीत आधी यांना बसव, मी दारात उभी राहते, पळून पळून जातील कुठे? माझंही राहिलंय हे मात्र यांना तिथे पोचेपर्यंत सांगू नकोस. दगड म्हटलेलं मागे घ्यायचं आहे, ते मी परत येताना गाडीत घेईन. पाकीट मीच चिकटवते. आणि तुझा नेमका कुठला गुडघा दुखतो ते उलट टपाली कळव, सूनबाईला सांगताना दोघांच्या बोलण्यात फरक नको.