गाद्या वाहणारी हायब्रिड

३ नोव्हें., सोम.
गाडी दारातच बंद. बटण दाबलं तर नुसतं टक् टक्. सात जणांचं एवढं धूड, आणि रुसलं कशावरून, तर पुढच्या छोट्या बॅटरीवरून. मागच्या सीटखाली मोठी बॅटरी आहे, पण तिला जागं करायला ही छोटी लागते म्हणे. साडेसहा हजार गेले.
धाकटे दीर, प्रभाकर भाऊजी, समोरच्या ओट्यावर बसून मजा पाहत होते. "वयनी, बाईमानसाले कायले पाह्यजे एवढी मोठी गाडी? गाद्या वाह्याले माहा टेम्पो मेला काय?"
मेला नाही, पण तो त्यांच्या मर्जीनं येतो. हे गेल्यावर चार वर्षं त्या टेम्पोची वाट पाहिली. सकाळी नेलेली गादी पिंजून, भरून, टाके घालून त्याच संध्याकाळी परत, हा आमच्या दुकानाचा शब्द. लोकांना स्वतःचीच रुई परत हवी असते आणि त्या रात्री झोपायलाही हवी असते. प्र.चा टेम्पो आला नाही की लोक सतरंजीवर आणि शिव्या मला. शेवटी प्लॉट विकून नागपूरच्या एका डॉक्टरची ही जुनी गाडी घेतली. दीड वर्ष झालं, कोणाला 'जरा येता का' म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही.

६ नोव्हें., गुरु.
छोटी बॅटरी नवी, तरी शेगाव रस्त्यावर लाल त्रिकोण लागला. 'हायब्रिड सिस्टिम तपासा.' ताकदच गेली गाडीची. मागून पंख्याची घरघर. सायकलवाले पुढे जात होते. कसंबसं घर, खामगाव गाठलं.

८, शनि.
अकोला. कंपनीचं वर्कशॉप, काचेचं. टायवाल्यानं तारा जोडून कॉम्प्युटर पाहिला. मोठी बॅटरी गेली, पूर्ण बदला. साडेचार लाख!
मी : उघडून पाहिली?
तो : कॉम्प्युटर सांगतो मॅडम.
म्हटलं, मी गिऱ्हाइकाची गादी उसवल्याशिवाय आत काय आहे ते सांगत नाही. हसला. सीटवरचा रुईचा तूस बोटानं उचलून म्हणाला, "इसमें गद्दे ढोते हो क्या?"
ढोते. माझी गाडी आहे.
तशीच परत आणली, हळूहळू.

९, रवि.
प्र. सकाळीच हजर. "मेहकरचं गिऱ्हाईक हाये. इकून टाका. एकदा पुरी बसली तं भंगारवालाई नाई घेनार."
"काऊन इकू?"
"पुढच्या रविवारी आनतो त्याले." विचारलं नाही, सांगितलं.
दिवसभर धुसफुसत होते. एका गादीचे टाके तिरके पडले, उसवून पुन्हा घातले.

११, मंगळ.
मुनाफभाईंना बोलावलं. पिंजायच्या मशीनची मोटर वीस वर्षं तेच बांधतात. गाडी पाहून आधी हात जोडले. "ताई, हा करंट येगळा हाये. मारला तं पानी मांगू देत नाई. बॅटरीच्या खोक्याले हात लावनार नाई. पंखा तेवढा पाह्यतो." नारिंगी प्लग काढला, जाड रबरी हातमोजे घातले, करंट उतरेपर्यंत पंधरा मिनिटं थांबले. मग मागच्या सीटखाली वाकले.
"हे काय शिवलं ताई?"
मीच शिवलं होतं. तिथं एक जाळी होती. तिच्यातून तूस आत जाईल, बॅटरी खराब होईल, म्हणून गादीच्या जाड कापडाची खोळ करून चारी बाजूंनी घट्ट बसवली होती. टाके पाहून मुनाफभाईंनी आधी कौतुक केलं. मग म्हणाले, "हे बॅटरीचं नाक हाये. तुमी नाकच शिवून टाकलं."
पंख्यातून ओंजळभर रुई निघाली. खोळ घालायच्या आधी गेलेली.
म्हणजे माझ्याच हातानं. एवढी काळजी घेतली, आणि त्या काळजीनंच ती गुदमरत होती. लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही राग आला.
खोळ काढली, पंखा साफ केला, प्लग परत लावला. दिवा गेला! पैसे घेतले नाहीत, घरची जुनी गादी पिंजून द्या म्हणाले. पण निघताना : "लय तापली हाये. आतले दोन-चार सेल कमजोर झाले असतीन. साल निघन, नाई तं आठ दिवस. वझं घेऊन घाट नका चढू सध्या."

१६, रवि.
मेहकरचे गृहस्थ आले. चक्कर मारून खूश. "आवाजच नाई हो हिले!" किंमतही बरी बोलले.
प्र.नी मला आत बोलावलं. मुनाफभाईंकडून सगळं कळलं होतं त्यांना. वाटलं, आता टोमणा. तर म्हणाले, "चालून राह्यली ना आता? मंग चूप राहा. खोळीचं कायले सांगता?"
टोमणा परवडला असता. माझी चूक पोटात घालून मलाच मिंधं करायचं, हे नाही चालणार. बाहेर येऊन सगळं मोठ्यानं सांगितलं. खोळ, रुई, कमजोर सेल, अकोल्याचे साडेचार लाख. गृहस्थ अर्धा चहा ठेवून गेले.
प्र. : "सोताच्या हातानं सोताची अब्रू घालवली."
माझी होती, मी घालवली. गाडी आहे.

२०, गुरु.
(हे पावतीपुस्तकाच्या मागे लिहिते आहे, नंतर वहीत चिकटवीन.)
बुलढाण्याच्या चार गाद्या. पहाटे रिकामी गेले, घेऊन आले, साडेतीनला भरून तयार. मुनाफभाईंचं ऐकायला हवं होतं का? पण शब्द आजचा होता.
बोथ्याच्या घाटात, निम्म्यावर, त्रिकोण लागला.
बाजूला घेतली. समोरच अभयारण्याची पाटी, अस्वलाचं चित्र आणि 'येथे थांबू नये'. काय करणार. मुनाफभाईंना फोन : गाडी चालू ठेवा, एसी पुरा, गार हवा सीटखाली जाऊ द्या, पंधरा मिनिटं. एवढं करून नाई चढली तं नका तानू.
मग प्र.चा फोन. मुनाफभाईंनीच सांगितलं असणार. "वयनी, टेम्पो घेऊन निघू काय? नुसतं हो म्हना." आवाजात टोमणा नव्हता, खरंच काळजी होती. तोंडापर्यंत आलं होतं 'या'.
नको म्हटलं.
नऊ मिनिटं झाली. उन्हं झाडांच्या मागे गेली. एसटी गेली एक, ड्रायव्हरनं मान वळवून पाहिलं. भीती वाटते आहे. प्र.ला नाही सांगितलं, इथं लिहिते.
बारा. पंखा अजून जोरात आहे.
ही गेली तर पुन्हा ओट्याकडे बघत टेम्पोची वाट पाहायची. ते नाही जमणार मला, आता तर नाहीच.
पंधरा झाली. दिवा तसाच. गिअर टाकते आहे, बुलढाण्याकडेच.