कहूच्या खोडावरचं ऊन

१९ जानेवारी
आज माझा इथला दुसरा रविवार. सुनंदाच्या मामांच्या गावची देवराई. झाडं इतकी जुनी की कोणी लावली ते गावातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही. मला रंगवायला मधलाच कहू, म्हणजे अर्जुनाचं झाड, हवाय. लोक म्हणतात खोड पांढरं. डोळे फुटलेत लोकांचे! गुलाबी आहे, राखाडी आहे, खाली ओलाव्याशी शेवाळी. सकाळी थोडा वेळ तिरपं ऊन आत शिरतं, पण वर माहुलीची वेल छपरासारखी पसरलेली, खोडापर्यंत नुसते ठिपके पोचतात.

यंदा राईची राखण मामांकडे. बाहेरच्याला आत बसू देत नाहीत. माझ्यासाठी त्यांनी गावाला शब्द दिला. मला म्हणाले, "रंगवा जवाईबापू, पन पान बी तोडू नका. वाळली काडी बी आमी इथून घरी नेत नाई."
मी म्हटलं, मामा, मी काय लहान पोरगा आहे का.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला दांडी. हेडमास्तर ओरडणार, ओरडोत.
कापली मी ती वेल. ईझलचा पाय निखळला होता, खुंटी तासायला मामींचा कोयता आणला होता. हातात होता म्हणून... खोटं. सकाळपासून तिच्याकडेच बघत होतो. बुंध्याशी मनगटाएवढी जाड. दोन घावांत तुटली.
आणि गंमत बघा, काहीच झालं नाही! वेल पडली नाही, सावली हलली नाही. ती वर झाडाझाडांत गुंतलेली, तिथेच लटकून राहिली. पानं हिरवीगार. मी मूर्खासारखा कोयता घेऊन उभा. घावावर माती थापली, पाला सरकवला.
मामींनी भाकरी वाढली. "काहून जी, जेवत नाई? तब्येत बरी हाय ना?" बरी आहे म्हटलं.

९ फेब्रु.
पानं वाळून गळताहेत. दर खेपेला ऊन थोडं खाली उतरतं. आज खोडाच्या अर्ध्यावर आलं होतं. सालीतून काय काय रंग निघाले, बाप रे! सावलीत जांभळा, कडेला केशरी. चार तास पाणीसुद्धा प्यायलो नाही. इतकं बरं काम वीस वर्षांत झालं नाही.
आनंद झाला. इथे लिहून ठेवतो, कारण नंतर मी नाकबूल जाईन.

२३ फेब्रु.
मामा अनवाणी. आधी लक्षात नाही आलं. अंगणातून राईपर्यंत माझ्या पुढे चालत होते, तेव्हा टाचा दिसल्या.
"चपला कुठायत मामा?"
"ठेवल्या देवापाशी. माहुल वाळली ना. कोन्तरी कोयता मारला."
"कोणी?"
"थे इचारत नसते आमच्यात. मायी राखन हाय त मायावरच आलं. नवा कोंब फुटेपर्यंत आता असंच."
मी चष्मा पुसत बसलो.
नंतर चुलीपाशी मामींनी बाकीचं सांगितलं. ज्यानं केलं तो आपणहून अनवाणी राईत आला, तर राखणदाराच्या चपला देवापासून सुटतात. बोलावं लागत नाही, पाय पाहिले की गाव समजतं. "पन येते कोन?" मामी म्हणाल्या. "याले थो काई येडा हाय का! आनं तुमच्या मामायले शुगर हाय, पायाले काटा लागला त..." पदरानं डोळे पुसले.
त्यांच्यासमोर माझे बूट. पिवळ्या रंगाचा थेंब पडलेले.

२ मार्च
गेलो नाही. सुनंदाला सांगितलं पेपर तपासायचेत.

९ मार्च
तरी गेलो. चित्राचा खालचा कोपरा राहिला होता. चित्रासाठी गेलो, मामांसाठी नाही, हे लिहिताना लाज वाटते. कापल्या जागी कोंब आहे का ते वाकून पाहिलं. नाही. पाणी घातलं. घावाला पाणी घालणारा चित्रकार, वा रे वा!

२३ मार्च
मामांच्या पायात काटा मोडला, पिकलाय. सुनंदा फोनवर त्यांना रागावत होती. "मामा, आजच्या काळात कायचं हे? तुमी काई केलं नाई, मंग तुमाले काहून शिक्षा? ज्यानं केलं त्याचे हात झडो!"
मी समोर चहा पीत होतो. फोन ठेवून म्हणाली, "बोला ना काही, तुमचं ऐकतात ते." मी म्हटलं, गावची श्रद्धा आहे, आपण कशाला मध्ये पडायचं.
असं म्हटलं मी. भल्या माणसासारखा चेहरा करून.

५ एप्रिल
प्रदर्शन. लोक कहूसमोरच थांबत होते. "सर, हा प्रकाश आणला कुठून!" मी हसलो. 
दुपारी मामा आले. मला माहीतच नव्हतं. सुनंदानं बोलावलं होतं. एसटी स्टँडवरून रिक्षा मिळाली नाही म्हणून रस्त्यानं चालत आले. पायाला पट्टी, ती काळी झालेली. गुळगुळीत फरशीवर ते पाय जपून टाकत चित्रापाशी गेले. खूप वेळ उभे. हात जोडले.
मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऊन लय मस्त पडलं, जवाईबापू."
बस, एवढंच. आवाजात राग नव्हता. वरच्या कोपऱ्यात मी आभाळ रंगवलंय, तिकडे बघत होते. तिथे वेल होती. त्यांना ठाऊक आहे का? असेल तर मला नंतरही आत का बसू दिलं? विचारायची हिंमत नाही.

१० एप्रिल
चित्र घरी आलं. त्या आभाळावर वेल रंगवायला घेतली. हिरवा, करडा. खोडावरचं ऊन मरायला लागलं. पाच मिनिटं धीर धरला, मग टर्पेंटाइनच्या फडक्यानं सगळं पुसून काढलं. ऊन परत आलं. मला चित्र सोडवत नाही. मामांचा पाय डोळ्यांसमोर आहे आणि तरी सोडवत नाही, असा मी माणूस!
आणि वेल रंगवून मामांच्या चपला थोड्याच सुटणार होत्या.

१३ एप्रिल
सकाळची बस. दारात बूट तसेच ठेवून निघालो. जिन्यातच खडे टोचले.
सुनंदा मागून, "अवो, बूट! लक्ष कुठाय तुमचं?"
वळलो. म्हटलं, "लक्ष आहे."
ती माझ्या पायांकडे पाहत राहिली. मग माझ्या तोंडाकडे. आत निघून गेली, दार उघडंच ठेवून.
बसमध्ये लिहितोय. कंडक्टरनं विचारलं, "काहून गुरुजी, चप्पल चोरी गेली का?" हो म्हणालो. बघा, अजून खोटंच निघतं तोंडातून.
पिशवीत जुनी चप्पल घेतली आहे. घरून निघताना घातली मुकाट्यानं पिशवीत. गावच्या फाट्यावर उतरलो की घालता येईल, कोणी पाहणार नाही.
फाटा येतोय.