सगळ्या नोटा हिरव्या

१ जानेवारी २०११, शनिवार. रिंकोन.
आजपासून बोनेअर बेटावर डॉलर. आपले गिल्डर आता महिनाभरच चालणार. रिंकोन ते क्रालेनडाइक व्हॅन चालवून तेवीस वर्षं झाली, मला काही जड जाणार नाही. ठरवलं: भाडं दोन डॉलर, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना डॉलर मीच शिकवायचा. फिलिदा म्हणाली, आधी तू शीक. बायकोशी वाद घालत नाही.

३ जानेवारी, सोमवार
एक, पाच, दहा, वीस. सगळ्या नोटा एकाच मापाच्या, सगळ्या हिरव्या. अमेरिकन लोकांना एवढं साधं सुचू नये? आपल्याकडे पंचवीस लाल, पन्नास नारिंगी, शंभर तपकिरी. बघायचीसुद्धा गरज नव्हती. नोल्डामावशीला तीन डॉलर परत दिले, त्यातली एक नोट वीसची निघाली. तिने ती परत केली. म्हणाली, बाल्डो, असा धंदा करणार असशील तर मी दिवसभर तुझ्याच गाडीत बसते. सगळे हसले. मीही हसलो.

५ जानेवारी
दोष गाडीतल्या दिव्याचा. नवा बल्ब बसवला. काही फरक नाही. बल्ब हलका असणार.

८ जानेवारी
नवी सिस्टिम. एकच्या नोटा शर्टात, पाचच्या पँटच्या डाव्या खिशात, वीसच्या मोज्यात. अकरापर्यंत झकास चाललं. मग डावं-उजवं झालं. मावशी म्हणाली, मोज्यातली नोट मला नको.

१२ जानेवारी
शेजारच्या रिग्नाल्डने डोळे तपासून घे म्हणून सुचवलं. मला त्या टेकडीवरची बकरी दिसते, असं त्याला ऐकवलं. तो म्हणाला, ते निवडुंग आहे. चालू लागली की कळेल, मी म्हणालो. दहा मिनिटं दोघं उभे होतो. मला कामं होती, निघून आलो.

१७ जानेवारी
आता मावशीच मागच्या सीटवर बसून सगळ्यांचं भाडं घेते, सुटे देते आणि उरलेलं माझ्या डब्यात टाकते. मला न विचारता. लोकांना शिस्त लागली. शिकवण्याचा परिणाम.

२१ जानेवारी
आज चारच माणसं. नवीन पैसा, लोक हात आखडून आहेत. सोमवारपासून गर्दी होईल.

२६ जानेवारी, बुधवार
सकाळी नऊची फेरी. चढावर काहीतरी आदळलं. खड्डा असावा, म्हणून पुढे निघालो होतो. मावशी म्हणाली, गाडी थांबव. रिग्नाल्डची बकरी होती. मागचा पाय मोडलेला. अशी मध्येच आली, मी म्हणालो. मावशी म्हणाली, आली नाही रे, ती उभी होती. मग हळूच म्हणाली, शाळेची मुलंपण इथंच उभी राहतात. पुढे गावापर्यंत गाडी मी पहिल्या गिअरमध्ये चालवली.

२८ जानेवारी
रिग्नाल्डकडे गेलो. खिशातल्या सगळ्या नोटा त्याच्यापुढे धरल्या. हव्या तेवढ्या घे म्हणालो. त्याने काही घेतल्या, बाकीच्या माझ्या मुठीत दाबून मूठ मिटली. किती घेतल्या ते विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. कॉफी दिली.

३१ जानेवारी, सोमवार
गिल्डरचा शेवटचा दिवस. फिलिदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कधीपासून दिसत नाही, त्याने विचारलं. एक तारखेपासून, मी सांगितलं. तो म्हणाला, निदान चार वर्षं झाली असतील. फिलिदा माझी टोपी हातात धरून बसली. ऑपरेशन एप्रिलमध्ये. तोवर फेऱ्या बंद. माझ्या, गाडीच्या नव्हेत.

१ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी अंगणात व्हॅन सुरू झाली. स्टिअरिंगवर फिलिदा. मागे नोल्डामावशी, रिग्नाल्ड, आणखी सातआठ जण. मी म्हणालो, निदान भाडं मी गोळा करतो. फिलिदा म्हणाली, पैशाला हात लावू नकोस, नुसता शेजारी बस. बसलो. रस्ता सांगायला कोणीतरी हवंच.
पहिली दोन वळणं सांगितली. तिसरं सांगायच्या आत ती वळली होती.