अ आणि ब एकत्र काम करत नाहीत

ती. भावोजी,

नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते ताईने फोनवर सांगितलं आहे, त्यामुळे ‘उत्तम’ असं खोटं लिहिण्याचे कष्ट तुम्ही घेऊ नका. पट्टा बांधत जा. तो कपाटात ठेवून गुण येत नाही. इकडे सगळं ठीक आहे. लाँड्रीचा बॉयलर दुरुस्त झाला, ह्यांचा खोकला होता तिथेच आहे, आणि तुमच्या कन्येची तब्येत चांगली आहे. ती जेवते उभ्याने, पण जेवते.

तुमचं पत्र पोचलं. भिंगरीने बिझनेस स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला पुन्हा बसावं की नाही, याचं ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर कळव, पाल्हाळ लावू नकोस, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत, तुम्हाला उत्तराची घाई असणारच. पण रीत दाखवली नाही तर तुम्ही बरोबर उत्तरालाही गुण देत नव्हतात (असं ताई सांगते, आणि भिंगरी तर शपथेवर सांगते). तेव्हा मी आधी रीत दाखवणार आहे. चष्मा लावा आणि बसून वाचा.

भिंगरी माझ्याकडे आली ती इथल्या शिकवणीसाठी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानाच्या वरची खोली मी तिला रिकामी करून दिली, टेबल दिलं, दिवा दिला, आणि अभ्यासाला बस म्हटलं. ती बसायची, पण सुस्कारे टाकत बसायची. परीक्षा अवघड आहे, वेळ पुरत नाही, डोकं चालत नाही. मी तिला म्हटलं, अवघड वगैरे काही नसतं, बूड स्थिर नसतं. (हे वाक्य मी तुमच्याच तोंडून ऐकलं आहे.) त्यावर ती शांतपणे म्हणाली, “मावशी, तू एकदा बसून दाखव.” आता सत्तावन्न वर्षांच्या बाईला असं म्हटलं की बाईने हसून सोडून द्यायचं असतं. मी सोडलं नाही. पदवी आहे, वयाची अट नाही, पेन्सिल धरता येते. ह्यांना विचारलं तर त्यांनी मान आडवी हलवली आणि मग उभी हलवली, हा त्यांचा नेहमीचा सल्ला आहे. मी भिंगरीसोबत माझंही नाव नोंदवून टाकलं. हे तुम्हाला आजवर कळवलं नाही, कारण तुम्ही कारण विचारलं असतं.

परीक्षेच्या केंद्रावर दाराशी उभ्या असलेल्या माणसाने मला सांगितलं की पालकांनी झाडाखाली थांबायचं. मी त्याच्या हातात ओळखपत्र ठेवलं. त्याने जन्मतारीख वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या माणसाला बोलावून त्याच्याकडूनही वाचून घेतली. मला आत सोडलं खरं, पण माझी चाल तुम्हाला माहीत आहे. मी वर्गात शिरले आणि अख्खा वर्ग उठून उभा राहिला. अशा वेळी खरं तर आपण कोण ते सांगावं. माझ्या तोंडून निघालं, “बसा.” बसले सगळे. पुढच्या बाकावरचा एक मुलगा हात वर करून म्हणाला, मॅडम, जरा जाऊन येऊ का. मी म्हटलं, घरून निघताना काय करत होतास? तो बिचारा खाली मान घालून बसला. थोड्या वेळाने खरा पर्यवेक्षक आला, शिडशिडीत पोरगा, गळ्यात ओळखपत्र उलटं लटकलेलं. मला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, बरं झालं तुम्ही आलात, मला वाटलं आज मी एकटाच आहे. मी त्याला माझा आसनक्रमांक विचारला. तेवढ्यात पुढच्या बाकावरून कोणीतरी वाऱ्यासारखं दाराबाहेर गेलं. (भिंगरी तिसऱ्या रांगेत होती. तिने मला ओळख दाखवली नाही.)

भाषेचा भाग मी हां हां म्हणता संपवला. उतारे वाचायचे आणि लेखकाला काय म्हणायचंय ते सांगायचं, यात अवघड ते काय? लेखकाला काय म्हणायचंय हे त्याच्यापेक्षा मला बरं कळत होतं. मग गणित आलं. पहिलाच प्रश्न असा: अ एक काम बारा दिवसांत करतो, ब तेच काम अठरा दिवसांत करतो, तर दोघे मिळून ते किती दिवसांत करतील? भावोजी, माझ्या दुकानात अ आणि ब आहेत. अ म्हणजे लांबा आणि ब म्हणजे गोटू, माझे दोन इस्त्रीवाले. एकेकटे ठेवलेत तर हिरे आहेत. शेजारी शेजारी उभे केलेत तर गोटूची कॉलर लांब्याला पसंत पडत नाही, लांब्याचं गुणगुणणं गोटूला सोसत नाही, आणि दुपारपर्यंत एकाच शर्टावर दोघांची बोलणी चालू असतात. दोघे मिळून ते काम एकट्या ब-पेक्षा उशिरा करतात, हे मी सही करून लिहून देईन. खाली पर्याय पाहिले. चार आकडे, आणि पाचवा पर्याय: दिलेली माहिती अपुरी आहे. होतीच अपुरी. अ आणि ब-चं आपसात पटतं का, हे कुठे दिलं होतं? मी पाचव्या पर्यायावर खूण केली.

एकदा तो पर्याय दिसल्यावर मग मला सगळीकडे तोच दिसू लागला. एका टाकीत एका नळाने पाणी येतंय, दुसऱ्याने वाहून जातंय, तर टाकी कधी भरेल. आधी तो खालचा नळ बंद करायला तिथे कोणी आहे की नाही? माहिती अपुरी. एक व्यापारी दुधात पाणी घालतो, तर त्याचा नफा काढा. हा मी कोराच सोडला. असल्या माणसाला मी नफा काढून देणार नाही.

बाहेर आल्यावर हे भिंगरीला सांगितलं तर ती पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, “मावशी, मीपण त्या अ-ब-पाशी अडकले. उत्तर येत होतं गं, पण मला ते दोघं चादरीवरून भांडताना दिसायला लागले.” तेव्हा मी या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. तुम्ही द्या.

निकाल तुम्हाला अर्धा ठाऊक आहे. भिंगरीचं थोडक्यात हुकलं. माझे गुण तिच्यापेक्षा कमीच आहेत, तेव्हा बाप म्हणून छाती फुगवायला हरकत नाही. पण एका बिझनेस स्कूलमध्ये, बरीच वर्षं कामधंदा केलेल्यांसाठी काही जागा वेगळ्या असतात, आणि तिथून मुलाखतीचं बोलावणं आलं. मला. मी ते बोलावणं आधी काउंटरवर वाचलं, मग मागच्या खोलीत जाऊन वाचलं, मग कोणी बघत नाही असं पाहून धुतलेल्या पडद्यांच्या ढिगावर बसकण मारली. 

मुलाखतीची तयारी करायची म्हणून मी मागच्या खोलीत पुस्तकं घेऊन बसले आणि भिंगरीला म्हटलं, तोवर काउंटर सांभाळ. ती हिरमुसलेलीच होती. म्हटलं, हात हलले की डोकं हलकं होईल. पहिल्याच आठवड्यात समोरच्या नाट्यगृहातली मंडळी शर्टांचं गाठोडं घेऊन आली. नाटकात रोज रात्री एकाचा खून होतो, त्यामुळे रोजचा शर्ट रक्ताने माखलेला. मी पूर्वी त्यांना दोनदा परत पाठवलं आहे, कारण ते खोटं रक्त खऱ्यापेक्षा चिवट असतं. भिंगरीने गाठोडं काउंटरवरच उघडलं. त्या वेळी मागे रांगेत उभ्या असलेल्या बँकेतल्या बाईंनी ते पाहिलं आणि स्वतःची साडी तिथेच टाकून त्या निघून गेल्या. (साडी नंतर भिंगरीने घरपोच दिली आणि त्यांची समजूत काढून आली. माझ्याने झालं नसतं. मी त्यांनाच दोन शब्द सुनावले असते.) पुढे तिने काय केलं ऐका. शर्ट धुवायच्या आधी ती नाट्यगृहात गेली, ते रक्त कशाचं करता हे विचारलं, त्यांच्याबरोबर उभी राहून रंग बदलला, त्यात साबणाचं पाणी घालायला लावलं, आणि दोन-तीन शर्टांवर करून पाहिलं. आता त्यांचे सगळे पोशाख आमच्याकडे येतात, आणि खून पूर्वीपेक्षा छान दिसतो म्हणतात. मी एवढी वर्षं डागामागे धावले. डाग जिथे तयार होतो तिथे जाऊन बोलावं, हे मला सुचलं नाही. बरं, संध्याकाळी दुकान बंद करताना ही पोरगी गुणगुणत असते. वर खोलीत अभ्यास करताना मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नाही.

मुलाखतीला समोर तिघे होते. या वयात कशाला, असं एकाने गोड शब्दांत विचारलं. मी म्हटलं, ह्याच्या आधी दुकानातून सवड मिळाली नाही. दुसऱ्याने विचारलं, तुमच्या हाताखालचे दोन उत्तम कामगार एकमेकांशी बोलत नाहीत, तुम्ही काय कराल? भावोजी, अख्ख्या परीक्षेत मला आलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मी सांगितलं, मी त्यांना मोठ्या चादरीच्या दोन टोकांना उभं करते. मोठी चादर एकट्याने घडी करता येत नाही, आणि प्रत्येक घडीला दोघांना एकमेकांकडे चालत यावंच लागतं. दहा-बारा चादरी झाल्या की एक जण काहीतरी बोलतोच. निदान ‘नीट धर’ एवढं तरी. तिघांनीही ते लिहून घेतलं. बाहेर पडले तेव्हा मला जिना उतरल्याचं आठवत नाही. सरळ रस्त्यावरच होते.

काल त्यांचं उत्तर आलं. मुलाखत फार आवडली, पण गणिताचे गुण किमान हवे तेवढे नाहीत. परीक्षा पुन्हा द्यावी, असं त्यांनी मनापासून सुचवलं आहे. ‘मनापासून’ हा शब्द त्यांचा आहे, मी घातलेला नाही.

तर ही झाली रीत. पुन्हा बसावं की नाही, याचा आमच्याकडे विचार चालू आहे. घाईने निर्णय घेण्याचं आमचं वय नाही, म्हणजे माझं नाही. तुम्ही तुमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींना भिंगरी मोठ्या संस्थेत जाणार म्हणून सांगून ठेवलं आहे, हे मला कळलं आहे, आणि तुमची हौस मी समजू शकते. ताईला माझा नमस्कार. तिने बोरांसारख्या मोठ्या टपोऱ्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या तर मला बरं वाटेल, फोनवर ती फक्त तुमच्याबद्दल बोलते.

तुमची मेहुणी (आणि तूर्त परीक्षार्थी)

ता. क. विचार चालू आहे असं वर लिहिलं ते तुमच्या गुडघ्याला एकदम धक्का नको म्हणून. मी पुन्हा बसणार हे ठरलं आहे. त्यासाठी मला गणित शिकवणारा हवा आहे. शिकवणीच्या वर्गात गेले तर मुलं उठून उभी राहतात, ते जमायचं नाही. तुम्ही इकडे येऊन राहावं. खालची खोली तुम्हाला देते, म्हणजे जिना नको. अ आणि ब यांना भांडणं नसतात, ते आजारी पडत नाहीत आणि एकमेकांच्या कॉलरी बघत नाहीत, हे मला पटवून द्या. ते पटलं की बाकीचं मी पाठ करीन. ओरडायचं नाही. मीही ओरडणार नाही.

दुसरी ता. क. तुम्ही विचारलं होतं भिंगरीबद्दल, आणि मी उत्तर दिलं माझ्याबद्दल, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिला पुन्हा बसायचं नाही. दुकान चालवायचं आहे. तुम्हाला सांगायला ती घाबरते, म्हणून तुमचा फोन आला की तिच्या हातात नेमका ओला कपडा असतो. तिच्या या इच्छेत माझाही स्वार्थ आहे, कारण ती काउंटरवर उभी राहिली तरच मी अभ्यासाला बसू शकते. म्हणून माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. स्वतः या.

तिसरी ता. क. येताना तुमचा तो राखाडी कोट घेऊन या, ज्याच्या बाहीवर शाई सांडल्यापासून तुम्ही तो घालत नाही आणि ताईला टाकूही देत नाही. माझ्याकडे देऊ नका. सगळ्यांसारखे रांगेत उभे राहा, काउंटरवर तिच्या हातात द्या, आणि हा डाग जाईल का असं विचारा. ती तो उजेडात धरील, तुम्हाला चार प्रश्न विचारील, बाप आहात म्हणून एकही सोडणार नाही. तेवढा वेळ फक्त तिच्या तोंडाकडे बघा. मग पुन्हा परीक्षेला बस म्हणायचं असेल, तर तिथेच म्हणा. मी मागच्या खोलीत आहे, मध्ये बोलणार नाही.