तीनशे वीसची पाचशे करण्याबाबत

दिनांक : २६ मे २०२५

प्रति,
मा. उपसंचालक (अभिलेख),
निवृत्त विणकर आरोग्य साहाय्य मंडळ,
विभागीय कार्यालय, महाल, नागपूर.

विषय : अभिलेख कक्षातील हार्ड डिस्कची झाकलेली १८० जीबी जागा उघडण्यासाठी एका वाक्याखाली आपली सही मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे दि. ५, ९, १४ व २० मे रोजीचे अर्ज.
२) आपले दि. २१ मे रोजीचे पत्र : "आपण कोणत्या अर्जाबाबत विचारणा करीत आहात, ते कळवावे."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मी, आपल्या कार्यालयातील कंत्राटी संगणकचालक, पुढीलप्रमाणे विनंती करतो. वेळ फक्त उद्या संध्याकाळपर्यंत आहे, म्हणून थोडक्यात लिहीत आहे.

१. आपल्या कक्षातील डिस्क डेडस्टॉक रजिस्टरला ३२० जीबी म्हणून चढलेली आहे. दुकानदाराकडे तेव्हा ३२० ची शिल्लक नव्हती, म्हणून त्याने ५०० ची दिली. सहा वर्षे कोणाची तक्रार नव्हती. यंदा मार्चच्या तपासणीत शेरा आला : "नोंद ३२०, प्रत्यक्षात ५००. जास्तीची १८० कोठून आली, याचा खुलासा करावा." वस्तू कमी भरली तर आपल्याकडे उत्तरे तयार असतात, उंदीर आहेत, ओल आहे, बदल्या आहेत. जास्त भरली तर काय लिहायचे, हे कोणालाच माहीत नव्हते. भांडारपाल श्री. रविंद्र खापेकर त्याच महिन्यात निवृत्त होणार होते आणि शेरा निकाली निघाल्याशिवाय त्यांचे कागद हलणार नव्हते. रजिस्टरमध्ये खाडाखोड करणे हा गुन्हा आहे. डिस्कमध्ये खाडाखोड करण्याबाबत नियम नाही. त्यांनी बाहेरून माणूस बोलावून डिस्कच ३२० ची करून घेतली. शेरा वगळला गेला. खापेकर साहेब शाल-श्रीफळ घेऊन रामटेकला राहायला गेले.

२. त्या १८० मध्ये यंदाच्या हयात नोंदी होत्या : ११४६ निवृत्त विणकरांचे अंगठे आणि फोटो. त्या पुसल्या गेलेल्या नाहीत. खोलीच्या दारासमोर कपाट लावावे, तशा आतच आहेत. परंतु संगणकाला कपाट दिसते, खोली दिसत नाही. त्यामुळे त्याच्या मते ही ११४६ माणसे हयात नाहीत. नवीन अंगठे नोव्हेंबरशिवाय घेता येत नाहीत.

३. त्यांपैकी श्रीमती जिजाबाई पौनीकर, वय ७१, रा. कामठी. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले. उजव्याचे ऑपरेशन दि. २८ च्या शिबिरात आहे. हयात नोंद नसेल तर उद्या पाच वाजता यादीतून नाव जाते, आणि पुढचे शिबीर वर्षाने. त्या गेले दहा कामकाजाचे दिवस कामठीहून शेअर ऑटोने येतात आणि शंकेला जागा नको म्हणून माझ्या समोरच्या खुर्चीत बसतात. मी "समक्ष हजर" असे लिहून दिले होते. "समक्ष हजर असणे हा हयातीचा पुरावा प्रणालीत ग्राह्य नाही," या शेऱ्यासह कागद परत आला. तो कागद जिजाबाईंनीच माझ्या टेबलावर आणून दिला.

४. डिस्कची मांडणी पाहण्याची परवानगी मला दि. ८ रोजी मिळाली. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा लिहिली; एका सेकंदात उत्तर आले : दिसते ३२०, आहे ५००. पाहण्याच्या परवानगीत बदलण्याची परवानगी येत नाही, म्हणून दि. ९ चा अर्ज. बदलण्याची आज्ञाही एका ओळीचीच आहे. अडचण एवढीच, की आकडा चुकला तर डिस्क कामातून जाऊ शकते, म्हणून यंत्र ओळीच्या शेवटी इंग्रजीत एक कबुली मागते. तिचा मराठी अर्थ : "होय, मी काय करतो आहे ते मला माहीत आहे." त्याशिवाय ते ऐकत नाही.

मी लिहायला तयार होतो. अधीक्षक श्रीमती मुग्धा देवपुजारी यांनी निदर्शनास आणले की हे प्रतिज्ञापन असून कंत्राटी कर्मचाऱ्यास कार्यालयाच्या वतीने काही माहीत असू शकत नाही. हे मला मान्य आहे. मात्र त्यांनाही तसे अधिकार नाहीत. लेखा शाखा म्हणते, दुसऱ्याने काय केले ते आम्ही सांगू शकतो, आम्ही काय करतो ते नाही. विधी शाखेने "माझ्या उपलब्ध माहितीप्रमाणे" असा बदल सुचवला. यंत्राने तो फेटाळला. आस्थापना शाखेने पूर्वी कोणी असे लिहून दिले आहे का, हे पाहण्यासाठी बावीस वर्षांच्या फायली काढल्या. एकही उदाहरण सापडले नाही.

५. गुरुवारपासून आज्ञा पडद्यावर टाइप करून ठेवली आहे. आकडा अकरा वेळा तपासला आहे. फक्त एन्टर बाकी आहे. कूलर आणि संगणक एकाच बोर्डावर असून दोन्ही चालले की लाइट जाते, म्हणून कूलर बंद आहे. महोदय, बाहेर पंचेचाळीस आहे. आत मोजलेले नाही.

६. आज जिजाबाईंनी विचारले, गाडी नेमकी अडली कुठे. मी त्यांना ते वाक्य मराठीत वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "एवढंच? मले मालूम हाये मी काय करून राहिली. मी बटन दाबून राहिली." मग म्हणाल्या, "तुह्या सायबाले काहून मालूम नाही गा?"

प्रश्न आपल्या कार्यकक्षेतील असल्याने हा अर्ज करीत आहे.

७. तरी सोबतच्या कागदावर उद्या पाच वाजण्यापूर्वी सही व्हावी. ते शक्य नसल्यास एन्टर दाबण्याची परवानगी श्रीमती जिजाबाई यांना द्यावी. या इमारतीत ते वाक्य विनाअट बोललेली ती एकमेव व्यक्ती आहे. एन्टरची कळ त्यांना डाव्या डोळ्याने नीट दिसते. मी खात्री केली आहे. काही चुकलेच, तर जबाबदारी निश्चित करण्याची अडचण नाही : आपल्या नोंदीनुसार त्या हयात नाहीत, त्यामुळे कारणे दाखवा नोटीस कोणालाच बजावावी लागणार नाही. आणि बरोबर झाले, तर त्या हयात होतील. मग नोटीस खुशाल पाठवावी. परवाचे ऑपरेशन होईपर्यंत थांबल्यास त्या ती दोन्ही डोळ्यांनी वाचतील.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत, कूलरविना, आपला नम्र,

(सही)
दुर्गेश सोनकुसरे
संगणकचालक (कंत्राटी), अभिलेख कक्ष

सोबत :
१) दोन्ही आकडे दाखवणाऱ्या पडद्याची छापील प्रत.
२) आपल्या सहीसाठी वाक्य लिहिलेला कागद, जागा सोडून.
३) तेच वाक्य, श्रीमती जिजाबाई पौनीकर यांच्या सहीसह. सही ओळीच्या उजवीकडे खाली घसरली आहे, तो डोळा अजून व्हायचा आहे. साक्षांकन जोडलेले नाही. मृत व्यक्तीची सही साक्षांकित होत नाही, असे कळवण्यात आले.