आबांच्या टाचेवरचा डाग

दादा,

रात्रपाळीवरून आलास की आधी जेव. भाकरी टोपल्यात आहेत. मी आबांना घेऊन करमाडहून पहिल्या बसनं संभाजीनगरला चाललेय. आजच दवाखान्यात भरती करायचंय.

काल रिपोर्ट आला, पण फोनवर मला सांगवलं नाही. आबांच्या टाचेवरचा काळा डाग म्हणजे मेलेनोमा, कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं. हा तळपायालाही होतो. डाग पसरायला लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या की लगेच दाखवायचं असतं. आता तो जांघेतल्या गाठीपर्यंत गेलाय. ऑपरेशन करतील, पण पुढचं सांगता येत नाही म्हणाले.

"इतके दिवस का थांबलात?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले, "म्याच लपवलं, सायेब. लेकरांना ठाव नव्हतं."

दादा, दिवाळीत त्यांनी आपल्या दोघांनाही पाय दाखवला होता. काटा मोडला असंल म्हणून आपण बिब्ब्याचा चटका दिला अन् त्यांना परत शेळ्यांमागं धाडलं.

संध्याकाळी ये. पण आबांना खोटं पाडू नको. रडायचं ते बाहेर रड, मग आत ये.

ज्ञानेश्वरी